धनी, मुतालिक आणि दप्तर
भोर-वेल्हे मुलखातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कुलवृत्तान्त, विद्यार्थ्यांचा गौरव, मंडळाचा जमाखर्च इत्यादी मजकूर येतो व तो यावयासच हवा. यंदा मात्र एका निराळ्या, तरीही आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे सभासद कुटुंबांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटले. हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंडखोरे, गुंजण मावळ आणि कानदखोरे या मुलखात ज्यांची मूळ घरे, भातखाचरे आणि वरकस जमिनी आहेत, अशी आपली पुष्कळ कुटुंबे आज पुण्यात, मुंबईत वा त्याहूनही दूर राहतात. भोरातला वाडा बंद आहे, वेल्ह्याकडील जमीन कोण पाहतो हे नीटसे ठाऊक नाही, पुण्यातील एखादी सदनिका भाड्याने दिलेली आहे, आणि या सर्वांची देखरेख करणाऱ्या व्यावसायिक कंपन्या आता दारोदार येऊ लागल्या आहेत. 'आमच्या हाती सोपवा, आपण निश्चिंत असा' हे त्यांचे म्हणणे. सोपवावे की नाही, असा प्रश्न मंडळाच्या बैठकींतून वारंवार निघतो. त्यास इतिहासाच्या अंगाने काही उत्तर देता येते काय, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धनी एका ठिकाणी आणि मालमत्ता दुसऱ्या ठिकाणी, ही स्थिती आपल्या मुलखास नवीन नाही. किंबहुना मावळचा अर्वाचीन इतिहास अशाच एका स्थितीतून सुरू होतो असे म्हणावयास हरकत नाही. १६३६ च्या मोगल-आदिलशाही तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले व बंगळूर हे त्यांचे ठिकाण झाले. पुणे-सुप्याकडील त्यांच्या मोकाशाची व्यवस्था दादाजी कोंडदेव पाहात. ओसाड पडलेल्या गावांना इस्ताव्याचे कौल देऊन, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र व पुढे वर्षागणिक चढता सारा ठरवून, त्यांनी लागवड वाढविली. शिवापूरच्या बागेतील आंब्याची व त्यावरून अंगरख्याची बाही आखूड केल्याची गोष्ट सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण लोकांनी कारभाऱ्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी धन्याच्या झाडाच्या एका आंब्यावर लावली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याहून महत्त्वाची बाब आख्यायिकेत येत नाही. दादाजी कोंडदेव हे शहाजीराजांच्या मोकाशाची व्यवस्था पाहात, त्याच काळात ते कोंढाण्याचे आदिलशाही सुभेदारही होते. एक माणूस, दोन धनी. शहाजीराजे व विजापूर दरबार यांचे जोवर पटत होते तोवर यात अडचण नव्हती. परंतु ज्याच्या हाती आपली मालमत्ता आहे तो आणखी कोणाचा चाकर आहे, हा प्रश्न तेथे अंगभूतच होता. १६४७ मध्ये दादाजींचा अंत झाला. पुढे शिवाजीमहाराजांनी मधला कारभारी न ठेवता मुलखाचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले आजच्या वेल्हे, म्हणजेच राजगड तालुक्यातले. स्वराज्याचा उदय म्हणून आपण जे सांगतो, त्याची एक बाजू अशीही आहे की, दूरस्थ धन्याच्या मालमत्तेवर घरचा माणूस स्वतः येऊन बसला.

आता भोरकडे वळू. भोरच्या राजघराण्याचे पद सचिवाचे. अष्टप्रधानांत सचिवाचे, म्हणजेच सुरनिसाचे काम कोणते, तर महालमुलखांचे हिशेब तपासणे आणि राजपत्रांत अधिकउणे शब्द असतील तर ते दुरुस्त करून मगच ती पुढे जाऊ देणे. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी हे पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. राजाराममहाराजांच्या बिकट काळात शंकराजी नारायण यांनी या डोंगरी मुलखात मोठे शौर्य व कर्तृत्व गाजविले, आणि सचिवपद त्यांच्या घराण्यात स्थिरावले. म्हणजे आपल्या भोर संस्थानचा उगम तलवारीत जितका आहे तितकाच हिशेबतपासणीत आहे. दुसऱ्याचे दप्तर तपासणाऱ्या घराण्यास पुढे स्वतःची जहागीर कारभाऱ्यांच्या हाती सोपवून चालवावी लागली, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

आणि त्याची परीक्षा लवकरच झाली. १७०७ मध्ये शाहूमहाराज दक्षिणेत परतले. ताराबाईंशी निष्ठेची शपथ एकीकडे व थोरल्या पातीचा वारस दुसरीकडे, अशा पेचात सापडून शंकराजी नारायण यांनी अंबवडे येथे आपले जीवित संपविले. त्यांची समाधी तेथे आहे. शाहूमहाराजांनी सचिवपद त्यांच्या अल्पवयी पुत्रास, नारो शंकर यांस, दिले. आई येसूबाई व घरचे कारभारी जहागीर चालवू लागले. पुढे हे बालसचिव दमाजी थोराताच्या कैदेत पडले आणि बाळाजी विश्वनाथ यांच्या खटपटीने सुटले. त्या उपकारापोटी येसूबाईंनी पुरंदर किल्ला बाळाजी विश्वनाथांस दिला. यात कोणी फसविले असे नाही, कोणी चोरी केली असेही नाही. धनी लहान, संकट मोठे, आणि सोडविणारा समर्थ, एवढ्यावरच एक किल्ला घरातून गेला. १७५० मध्ये सिंहगडही पेशव्यांकडे गेला व त्याच्या बदल्यात सचिवांस तुंग आणि तिकोना मिळाले. नकाशा पुढे घेऊन पाहिले म्हणजे या बदलाबदलीत कोणाचे हित किती साधले हे वाचकांस सहज कळेल.

येथे मराठी राज्याने कारभाऱ्यांवर लगाम ठेवण्याची जी रीत काढली होती, तिची थोडी सविस्तर माहिती देणे अवश्य वाटते. कारण आज आपण करारनाम्यांत जी कलमे शोधतो, त्यांपैकी बहुतेक तीत आढळतात.

परगण्यावर मामलतदार किंवा कमाविसदार नेमला जाई. त्याच्याकडून हंगामाच्या आरंभी अंदाजी वसुलाचा काही भाग आगाऊ घेत, त्यास रसद म्हणत. या रकमेवर त्याला व्याज मिळे. आगाऊ पैसा गुंतल्यामुळे त्याचे व सरकारचे हित काही अंशी एकत्र बांधले जाई. पण खरी मख्खी दरकदारांत होती. दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस इत्यादी अंमलदार मामलतदाराच्या हाताखाली काम करीत, परंतु ते त्याने नेमलेले नसत आणि त्याला त्यांना काढताही येत नसे. त्यांची पदे वंशपरंपरेची. रोजकीर्द फडणिसाने लिहावयाची, रोकड पोतनिसाने ठेवावयाची, आणि मुजुमदाराच्या पाहणीवाचून हिशेब पुरा व्हावयाचा नाही. ज्याच्या हाती वसुली त्याच्या हाती वही नाही, आणि ज्याच्या हाती वही त्याच्या हाती तिजोरी नाही, असा हा बंदोबस्त होता. हे लोक कधीच संगनमत करीत नसत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कुंपणच शेत खाते ही म्हण काही उगाच जन्मास आली नाही. तथापि चौघांना एकत्र यावे लागे, आणि चौघांचे गुपित फार दिवस टिकत नाही.

नाना फडणिसांच्या हयातीपर्यंत ही घडी बऱ्याच अंशी टिकून होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती मोडली. मामलती इजाऱ्याने, म्हणजे जास्त बोली करील त्याला, देण्याचा प्रघात पडला. इजारदाराने ठरलेली रक्कम भरावी आणि मग मुलखातून काय वसूल करावयाचे ते त्याचे त्याने पाहावे. हे इजारदार बहुधा दरबारी लोक. ते स्वतः मुलखात जातही नसत. ते पोटइजारा देत आणि पोटइजारदार आणखी पुढे. पुढल्या वर्षी मामलत आपल्याकडे राहील याची शाश्वती नाही, म्हणून यंदाच पिळून घ्यावयाचे. रयतेने दाद मागावी तर कोणाकडे? ज्याने इजारा विकला त्याला पैसा आधीच पोहोचलेला. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई मुलखासंबंधी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. एल्फिन्स्टन विजेत्या पक्षाचा, तेव्हा त्याचा प्रत्येक शब्द आम्ही प्रमाण मानीत नाही. पण इजाऱ्याने गावे उजाड झाली याविषयी आपल्याकडील इतिहासकारांतही दुमत नाही.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, आजच्या देखरेख कंपन्यांचे मुख्य दोन प्रकार याच दोन जुन्या रीतींचे वंशज आहेत. काही कंपन्या भाड्याचा ठरावीक हिस्सा घेऊन भाडेकरू पाहतात, भाडे गोळा करतात, डागडुजी करवितात. ही कमाविशी झाली. दुसऱ्या म्हणतात, 'घर रिकामे राहो की भरलेले राहो, आम्ही दरमहा अमुक रक्कम देऊ, पुढे काय करावयाचे ते आमच्यावर सोडा.' हा शुद्ध इजारा होय. हमीची रक्कम ऐकून मन निवते, विशेषतः वृद्ध मालकांचे. परंतु त्या घरात कोण राहतो, किती जण राहतात, पोटभाडे किती, भिंतींची व नळांची दशा काय, हे जाणण्याचा मार्गच त्या क्षणी बंद होतो. कमाविशीतही फटी आहेत. टक्केवारीवर काम करणाऱ्यास चांगल्या भाडेकऱ्यापेक्षा लवकर मिळणारा भाडेकरू प्रिय, आणि डागडुजीतही ज्याचा हिस्सा असेल त्याला घर सदैव नादुरुस्त दिसते. पण कमाविशीत निदान वही मागता येते.

मुतालिकाची कथा याहून निराळी आहे. मुतालिक म्हणजे धन्याच्या वतीने शिक्का चालविणारा माणूस. आपल्या शेजारच्या सातारा प्रांतात, कऱ्हाडच्या पंतप्रतिनिधींच्या घरात, १८०६ च्या सुमारास जे घडले ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. परशुराम श्रीनिवास हे प्रतिनिधी अगदी बालपणी गादीवर आले. जहागिरीचा सारा व्यवहार मुतालिक बळवंतराव फडणीस पाहात. प्रतिनिधी वयात आले, त्यांचे वर्तन फारसे शहाणपणाचे नव्हते असे इतिहासकार सांगतात. त्यांनी मुतालिकास दूर करण्याचे मनात आणले. तेव्हा काय झाले? मातोश्रींनी मुतालिकाची बाजू घेतली, पुण्याहून बाजीरावाची संमती आली, आणि धनी स्वतःच्याच जहागिरीत मसूर येथे अटकेत पडला. पुढे ताई तेलिणीने वासोट्याहून येऊन त्यांना सोडविले, प्रतिनिधींनी बंड मांडले, बापू गोखल्यांनी ते मोडले. त्या लढाईत जखमी होऊन प्रतिनिधींस हात गमवावा लागला, आणि जहागिरीचा मोठा भाग ना धन्याकडे राहिला ना मुतालिकाकडे, तो गोखल्यांकडे गेला. ताई तेलीण वासोट्यावर त्यानंतरही काही महिने लढली. तिची कथा लोकांच्या तोंडी राहिली आणि मुतालिकाची विस्मरणात गेली, हे स्वाभाविक आहे. आपल्या कामाची मात्र मुतालिकाचीच.

बळवंतराव फडणीस हा दुष्ट होता असे मानण्यास आम्हांस सबळ कारण दिसत नाही. प्रतिनिधींच्या हाती जहागीर बुडेल असे त्याला खरोखरीच वाटत असेल. पण वीस वर्षे शिक्का एकाच्या हाती राहिला म्हणजे सावकार, पाटील, कुळे, दरबार, इतकेच काय पण घरातील माणसे, सर्वांची ओळख त्या हाताशीच होते. धनी हा नाममात्र राहतो. मग त्याने मुखत्यारी काढून घ्यावयाची म्हटले तर ते बंड ठरते. आपल्या काही कुटुंबांना गावी गेल्यावर आपल्याच शेतात 'आपण कोण?' असा प्रश्न ऐकावा लागला आहे. त्याचे मूळ येथे आहे.

घाटाखाली कोकणात याच गोष्टीने दोन-तीनशे वर्षांचा संसार मांडला. खोत हा मुळात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. पुढे तो वंशपरंपरेचा झाला, आणि एकोणिसाव्या शतकात तो वसुली करणारा की गावचा मालक, हा वाद इतका विकोपास गेला की १८८० मध्ये त्यासाठी निराळा कायदा करावा लागला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती संपली. त्याच १८८० साली आयर्लंडात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर कुळांनी संपूर्ण बहिष्कार घातला. त्याचे पीक काढण्यासाठी बाहेरून माणसे व त्यांच्या रक्षणास फौज आणावी लागली, आणि पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला. बहिष्काराला इंग्रजीत त्या कारभाऱ्याचे नाव मिळाले. जमीनदाराचे नाव कोणाच्या लक्षातही नाही. कुळाचा रोष ज्याचे तोंड दिसते त्याच्यावर होतो, पण नुकसान ज्याची जमीन त्याचे होते.

भोर संस्थानचा इंग्रजांशी १८२० मध्ये करार झाला आणि ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. सुधागडचा भाग कुलाबा जिल्ह्यात गेला, घाटमाथ्याचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला. पाठोपाठ परगणे व कुलकर्णी वतने, खासगी इनामे आणि विलीन प्रदेशांतील जहागिऱ्या रद्द करणारे कायदे १९५० ते १९५३ या काळात झाले. आपल्या घराण्यांच्या सनदा तेव्हापासून पेटीत शोभेपुरत्या राहिल्या. याविषयी शोक करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ज्या हक्कांमागे काही कर्तव्य उरले नव्हते ते जावयाचेच होते.

परंतु ज्या कायद्याने आपल्या कुटुंबांचे खरे भवितव्य ठरविले, तो म्हणजे १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यातील १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कूळ हे कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कसणाऱ्याला जमीन मिळावी हे तत्त्व न्याय्य होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या चिखलात राबलेल्या कुळांचे त्याने कल्याण झाले. हे आम्ही प्रथमच स्पष्ट सांगून ठेवतो. आपल्या विषयापुरती पाहावयाची गोष्ट निराळी आहे. या कायद्यात 'जातीने जमीन कसणे' याची व्याख्या दिलेली आहे. स्वतःच्या श्रमाने, कुटुंबातील माणसाच्या श्रमाने, अथवा स्वतःच्या किंवा कुटुंबातील माणसाच्या जातीने देखरेखीखाली मजूर लावून, ही झाली जातीची वहिवाट. मजुरांना रोकड किंवा धान्य वेतन म्हणून द्यावे, पिकाचा वाटा म्हणून नव्हे, अशीही अट आहे.

आता आपल्याकडील चाल आठवावी. घरचा कर्ता पुण्यात कचेरीत नोकरीस, गावी एक कारभारी ठेवलेला. तो आंबेमोहोराची खाचरे अर्धेलीने लावून देई, वरकसावर नाचणी-वरी होई तिचा खंड ठरवी, आणि दिवाळीच्या सुमारास तांदळाची पोती व 'यंदा पाऊस लहरी झाला' असे पत्र पाठवी. धनी संतुष्ट. पावती नाही, करारपत्र नाही. कूळ कोण, केव्हापासून, कोणत्या खाचरात, हे केवळ कारभाऱ्याला ठाऊक. कारभाऱ्याची देखरेख म्हणजे कुटुंबातील माणसाची देखरेख नव्हे, आणि अर्धेल म्हणजे वेतन नव्हे. म्हणजे ज्या व्यवस्थेला धनी 'आमची घरची शेती' म्हणत होता, ती कायद्याच्या दृष्टीने कधीच घरची नव्हती. कित्येक ठिकाणी तर कसणाऱ्या खऱ्या माणसाचे नाव पीकपाहणीत न येता कारभाऱ्याच्या भाऊबंदांचे आले, आणि धन्याबरोबर बिचारा कूळही बुडाला. कुळाची जमीन कुळाला गेली याचे दुःख नाही. ती ना धन्याला ना कुळाला, मधल्याला गेली, ही खरी सल आहे.

धरणांच्या वेळीही हेच झाले. येळवंडीवर भाटघरचे मोठे धरण १९२८ मध्ये पुरे झाले, पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी अशी धरणे या दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत उभी राहिली. खाचरे पाण्याखाली गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मोबदला अपुरा वाटल्यास तक्रारीला मुदत होती, निवाड्यापासून फार तर सहा महिने. नोटीस गावच्या पत्त्यावर, कागद कारभाऱ्याच्या कोनाड्यात, आणि वारस दादर-गिरगावात. अशी मुदत गेली ती गेलीच.

तेव्हा मंडळाच्या बैठकीतील मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे की, सोपविण्यास हरकत नाही. सर्वांनी नोकऱ्या सोडून गावी जाऊन बसावे, हे सांगणे सोपे असले तरी होणारे नाही. कंपनीतले लोकही आपल्यासारखेच पोटासाठी काम करणारे, त्यांना सरसकट चोर ठरविणे अन्यायाचे आहे. कमी मेहनताना देऊन जास्त निष्ठेची अपेक्षा करण्याची आपल्यातील खोड तर जुनीच आहे. पण काम सोपवावे, दप्तर सोपवू नये. सातबारा, फेरफार, मालमत्ता कराच्या पावत्या, भाडेकराराची मूळ प्रत, अनामत रकमेची नोंद, हे घरी राहावे. भाडे भाडेकऱ्याच्या हातून थेट आपल्या खात्यात यावे आणि कंपनीने आपला मेहनताना बिल देऊन घ्यावा, म्हणजे पोतनीस आणि मामलतदार पुन्हा वेगळे होतात. दुरुस्तीचे बिल काम करणाऱ्या कारागिराच्या नावचे मागावे.

कायदा याबाबत पुष्कळ अंशी मालकाच्या बाजूचा आहे, पण तो जागत्या मालकाच्या बाजूचा आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या २१३ व्या कलमान्वये मालक मागेल तेव्हा हिशेब देणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे. मात्र मागावे लागते. २०२ व्या कलमाकडे बारकाईने पाहावे. ज्या मालमत्तेची मुखत्यारी दिली तिच्यातच प्रतिनिधीचा हितसंबंध निर्माण झाला असेल, तर त्या हितसंबंधास बाध येईल अशा रीतीने ती मुखत्यारी एकतर्फी संपविता येत नाही. कंपनीने घराच्या सुधारणेसाठी पैसा घालण्याची तयारी दाखविली की हे कलम आठवावे आणि करारनामा वकिलाला दाखवावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, मध्यस्थाची नव्हे. नोंदणी नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकास शिक्षाही होऊ शकते. 'कंपनीने केली असेल' हे उत्तर तेथे चालत नाही.

शेतजमिनीच्या बाबतीत २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीने, म्हणजे शेतात उभे राहून भ्रमणध्वनीवर, होऊ लागली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाने अधिकारअभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तेव्हा ती नोंद कोणाच्या भ्रमणध्वनीवरून, कोणत्या पिकाची आणि कोणाच्या नावे होते, हे हंगामागणिक एकदा तरी पाहावे. पुण्याहून वेल्ह्यास सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. पूर्वजांना बंगळुराहून येण्यास लागत त्या मानाने हा प्रवास काहीच नव्हे.

शेवटी कुलमुखत्यारपत्राविषयी. ते विक्रीचे साधन नव्हे. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे झालेला व्यवहार मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. दुसरी गोष्ट आपल्या घरांतून फारशी कोणास ठाऊक नसते. करार कायद्याच्या २०१ व्या कलमान्वये मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की ती मुखत्यारी संपते. आजोबांनी दिलेल्या मुखत्यारपत्रावर त्यांच्या मागे दहा-दहा वर्षे कोणी भाडे गोळा करीत असेल, तर वारसांनी तलाठ्याकडे वारसनोंद करून घेऊन, सातबाऱ्यावर स्वतःची नावे लागल्यावर, सर्वांच्या सह्यांनी नवा करार करावा, आणि मधल्या वर्षांचा हिशेब त्याच वेळी लेखी मागावा.